शेंगा चालत नाहीत

सोलापुरात जन्माला येऊन मी आयुष्यात चारदाच शेंगा खाल्ल्या, आणि चारही वेळा त्यांनी मला अंथरूण धरायला लावलं. ज्या गावचा माणूस परगावी निघताना पिशवीत चादर आणि शेंगाचटणीचा पुडा टाकल्याशिवाय एसटीत पाय ठेवत नाही, त्या गावात हे म्हणजे कोळ्याच्या घरी जन्मून मासळीच्या वासानं नाक धरण्यासारखं होतं. आता डॉक्टर याला अ‍ॅलर्जी म्हणतात, आणि माझी नात तो शब्द तिसरीतच शिकून आली. आमच्या घरात तेव्हा त्याला नावच नव्हतं. आत्या 'नखरे' म्हणायची आणि आई काहीच म्हणायची नाही.

गिरणीच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या आणि पुढं फरशीचं अंगण. सकाळचा भोंगा झाला की वडील डबा घेऊन पाळीला जायचे, आणि ते गेले की गोदाआत्या अंगणातल्या दगडी उखळापाशी बसायची. वडिलांची ही थोरली बहीण लग्नानंतर वर्षाच्या आत माहेरी परत आली होती आणि तेव्हापासून आमच्याकडंच होती. भाजून सोललेल्या शेंगांत लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून ती कुटायला लागली की आधी कोरडा खडखडाट यायचा, मग आवाज हळूहळू जाड व्हायचा आणि चटणीला तेल सुटलं की बत्ता उखळात रुतायला लागायचा. नुसत्या त्या आवाजावरून आई चुलीपाशी बसल्या बसल्या सांगायची, "वन्सं, झाली बगा." आत्याच्या चटणीला गल्लीत तोड नव्हती म्हणतात. मी ऐकलेलंच सांगते आहे. कुटणं चालू असेपर्यंत मी आतल्या खोलीत खिडकी लावून पुस्तक घेऊन बसायची, कारण ती धूळ उडाली की माझे डोळे खाजायचे. मी वर्गात पहिल्या पाचांत असायची त्याचं निम्मं श्रेय त्या उखळाला द्यायला हवं. आणि आत्या, घामानं निथळत असली तरी, डाव्या मनगटावर घेतलेला पदर कधी सरकू द्यायची नाही. मला वाटायचं ती तिची कुटायची पद्धतच आहे.

पहिल्यांदा मी शेंगा खाल्ल्या त्या अंगणात रांगताना, उखळाबाहेर उडालेला दाणा उचलून. हे मला आठवत नाही, पण अंगभर गांधी उठल्या होत्या आणि आत्यानंच मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली होती. दुसऱ्यांदा संक्रांतीला, शेंगांची पोळी. तेव्हा डोळे इतके सुजले की मला वाटलं, दिवस मावळला. तिसऱ्यांदा शाळेत एका मुलीनं डब्यातला लाडू दिला, आणि त्या वेळी पहिल्यांदाच छातीतून शिट्टीसारखा आवाज आला. या तिन्ही वेळांचा मेळ घातला तो आईनं, चौथी शिकलेल्या माझ्या आईनं, कुणालाही न विचारता. लाडवाच्या प्रसंगानंतर तिनं एक लहान पितळी पातेली बाजूला काढली. आमटीला उकळी आली की आधी माझ्यापुरती आमटी त्यात काढायची, आणि मग मोठ्या पातेल्यात शेंगांच्या कुटाची मूठ सोडायची. आत्या बघायची आणि म्हणायची, "पोरीला लई नखरं शिकवालीस. शेंगा न खाणारं सोलापूरचं माणूस म्या तरी बघितलं न्हाय." पण ती पातेली घासताना वेगळी राख घेऊन वेगळी घासायची ती आत्याच.

आईनं त्या पातेलीबरोबर मला एक नियमही दिला. "ह्ये भाईर कुणाला सांगायचं न्हाय. पोरीच्या जातीला खोड चिकटली की निगत न्हाय. उद्या बघायला येनारं म्हनत्याल, हिला आजार हाय." हा नियम मूळ आत्याचा, एवढं मला कळत होतं, कारण तो सांगताना आई आत्याकडं बघायची आणि आत्या दुसरीकडं. मी तो तंतोतंत पाळला. लग्नाकार्यात पंगतीला बसलं की मी वाढप्याला लाडीगोडी लावून विचारायची, "मामा, भाजीत शेंगा घातल्यात का?" जणू काही मला त्या हव्याच आहेत. घातल्या असतील तर पोट दुखायला लागायचं. नाटक मला बरं जमायचं.

आठवीत असताना शाळेनं मुलींचं पाच दिवसांचं शिबिर जाहीर केलं, मोहोळच्या पलीकडं, ओढ्याकाठच्या एका आमराईत. तंबू, शेकोटी, गाठी बांधणं, खुणांवरून वाट काढणं. मी घरी हट्ट धरला. दोन दिवस जेवले नाही, आणि तेव्हा कुठं वडील म्हणाले, जाऊ द्या पोरीला.

त्या शिबिरात औषधपाण्याचं खातं शिवणाच्या बाईंकडं होतं. हे असं का, ते सांगायला हवं. आदल्या वर्षीच्या शिबिरात एका मुलीला गांधीलमाशी चावली आणि ती बघता बघता निळी पडली होती. कुणाच्या तरी नशिबानं वाटेवर एक डॉक्टर भेटले आणि मुलगी वाचली. ते डॉक्टर मग शाळेत येऊन म्हणाले, तुमच्यातल्या कुणा एकीला मी दर गुरुवारी सुई द्यायला शिकवतो, त्याशिवाय पोरींना रानात नेऊ नका. खेळाच्या बाईंना रक्त बघवत नव्हतं, विज्ञानाच्या बाईंचं लग्न ठरलं होतं, आणि बाकीच्यांना दर गुरुवारी नेमकी काहीतरी कामं होती. हात वर केला तो अंबूबाईंनी. या आमच्या शिवणाच्या बाई. विणकरांच्या वस्तीतल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, बारीक अंगाच्या, आणि काजं वाकडी आली की सगळी उसवायला लावणाऱ्या. आम्ही त्यांना टरकून असायचो. वर्षभर दर गुरुवारी त्या दवाखान्यात जाऊन शिकल्या. आधी मोसंब्यांना सुया टोचल्या, मग माणसांना. त्यांच्या भाच्यानं त्या वर्षी इतकी मोसंबी खाल्ली की ते फळ बघितलं तरी तो पळून जायचा, असं बाईच हसत सांगायच्या. डॉक्टरांनी त्यांना एक पत्र्याचा डबा दिला होता. त्यात उकळून ठेवलेली काचेची सिरिंज, औषधाच्या कुप्या, कुपी कापायची बारीक आरी, आणि झाकणाच्या आत डॉक्टरांच्या हातचा कागद चिकटवलेला, काय दिसलं तर काय द्यायचं आणि किती द्यायचं. शिक्षिकेनं सुई टोचणं मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, मुळीच पसंत नव्हतं, पण डॉक्टरांपुढं त्या बोलल्या नाहीत.

शिबिराच्या आधी अंबूबाई वही घेऊन प्रत्येक मुलीच्या घरी गेल्या. वर्गात फॉर्म वाटून काम भागलं असतं, पण त्या म्हणायच्या, आयांच्या तोंडूनच ऐकायचं. आमच्याकडं आल्या तेव्हा आत्या उखळापाशीच होती. बाईंनी विचारलं, "सुमनला कशानं त्रास होतो का? माशी चावून, औषधानं, काही खाण्यात आल्यानं?"

आईनं आत्याकडं बघितलं. बत्ता थांबला होता.

"न्हाय," आई म्हणाली. "तसलं काय न्हाय."

बाईंनी पुन्हा विचारलं, "नक्की ना, वहिनी? मला लपवून काही उपयोग नाही बघा. मी पाच दिवस तिची आई असणार आहे."

"काय न्हाय," आई म्हणाली, आणि बाईंनी लिहिलेल्या 'काही नाही' खाली एक एक अक्षर काढत सही केली. मी दारात उभी होते. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. खरं कळलं असतं तर मला नेलं नसतं, अशी माझी खात्री होती. बाई गेल्या आणि बत्ता पुन्हा सुरू झाला.

शिबिराचे पहिले दोन दिवस माझ्या त्या वयातले सगळ्यांत सुखाचे दिवस होते, हे आजही म्हणेन. आंब्याच्या सावलीत तंबू, ओढ्यात पाय सोडून घासलेली भांडी, आणि माझ्या तंबूतली मुमताज, जिला झोपेत गाणं म्हणायची सवय होती. स्वयंपाकाला दुधनीकडचे शिवप्पामामा होते, बोलण्यात कानडी हेल असलेले, आणि मुलींना पोटभर वाढण्यात ज्यांना खरोखर आनंद व्हायचा असे. दर जेवणाला मी त्यांना विचारायची, "मामा, शेंगा हायत का ह्यात?" ते हातानं नाही म्हणायचे. तिसऱ्या दिवशी आम्ही सकाळी डोंगरीपर्यंत चालून आलो, भुका अशा लागल्या होत्या की भांडीसुद्धा खावीत. पानात ज्वारीची भाकरी आणि वर लाल तवंगाची झणझणीत आमटी. मी विचारलं. मामा म्हणाले, "न्हाय की. शेंगा कुठल्या हितं? खा पोटभर."

मी पोटभर खाल्ली.

आधी तळहात खाजायला लागले. मग ओठ जाड झाले, दुसऱ्या कुणाचे तरी आणून चिकटवल्यासारखे. मला तत्काळ कळलं काय झालंय, आणि पहिला विचार आला तो असा, की कुणाला दिसता कामा नये. मी तोंडावर ओढणी घेऊन तंबूच्या मागं जाऊन बसले. मेले तरी चालेल पण आईचा नियम मोडायचा नाही, इतका तो अंगात मुरला होता. आत्ता हे लिहिताना त्या मुलीचा मला राग येतो आणि तिला पोटाशीही धरावंसं वाटतं. मुमताज मला शोधत आली, ओढणी ओढली आणि किंचाळली, "या अल्ला! क्या हुआ रे इसकू! बाई, ओ बाई, हिचं तोंड बघा!"

सगळ्या जमल्या. मोठ्या बाईंनी माझ्या दंडावरच्या गांधी बघितल्या आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "पित्त उठलंय. उन्हात चालली ना! आमसुलं भिजत घाला, पाणी अंगाला लावा आणि थोडं पाजा." तोपर्यंत माझ्या छातीत ती शिट्टी सुरू झाली होती. मला पाणी पाजलं, ते गिळलं गेलं नाही, नाकातोंडातून बाहेर आलं. अंबूबाई डबा घेऊन धावत आल्या, माझ्यापुढं गुडघ्यावर बसल्या, माझी जीभ बघितली, पाठीला कान लावला.

"हे नुसतं पित्त नाही, बाई. सुई द्यायला हवी."

"वहीत काय लिहिलंय हिच्या नावापुढं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"काही नाही, असं लिहिलंय."

"मग? डॉक्टर समोर नसताना सुई टोचायची नाही. आमराईच्या मालकांची जीप मागवली आहे, मोहोळला नेऊ. तुमच्या सुईनं पोरीला काही झालं तर तिच्या आईबापांना काय सांगायचं?"

अंबूबाईंचा हात डब्यावर होता आणि डबा अजून बंद होता. वर्षभर गुरुवार मोडून शिकलेली ती बाई त्या क्षणी घाबरली होती, हे मी अगदी जवळून बघितलं. त्यांचं नाक घामानं भरलं होतं. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि विचारलं, "सुमन, माझ्याकडं बघ. तू काय खाल्लंस? याआधी झालंय का तुला असं? खरं सांग पोरी, मी तुला रागावणार नाही."

आई डोळ्यांपुढं आली. आत्या आली. आणि श्वास येईना. मी बोलायला गेले तर आवाज फाटका निघाला. बाईंनी कान माझ्या तोंडाशी आणला आणि मी एवढंच म्हटलं, "शेंगा." मग तीन बोटं वर केली.

बाईंनी डबा उघडला. एकदा झाकणावरचा कागद वाचला, बोट ठेवून ओळ न् ओळ, काजं मोजल्यासारखी. आरीनं कुपीची मान कापली. सिरिंजमध्ये औषध ओढलं आणि सुई माझ्या मांडीपाशी आणली. मोठ्या बाई मागून काहीतरी म्हणाल्या. अंबूबाईंनी मान न वळवता उत्तर दिलं, "दिली नाही आणि काही झालं तर मी काय सांगू, बाई?" सुई टोचली, आणि मग त्यांचं मराठी संपलं. माझ्या पाठीवरून हात फिरवत त्या त्यांच्या आईच्या भाषेत पुटपुटत राहिल्या, "भयपडकु, भयपडकु." भिऊ नकोस. मला तेलुगू येत नव्हतं, पण कळलं.

काळीज धावायला लागलं, हातपाय लटलटा कापायला लागले, आणि मला वाटलं हेच ते मरण. पण काही मिनिटांत घशातली गाठ सैल झाली आणि हवा आत गेली. ती आमराईतली हवा, चुलीचा धूर आणि आंब्याच्या पानांचा वास असलेली, तिची चव मला अजून आठवते. मी रडायला लागले तशी मोठ्या बाईही रडायला लागल्या. अंबूबाई मात्र घड्याळ बघून कागदावर वेळ लिहीत होत्या. "आता मोहोळला न्यायचंच," त्या म्हणाल्या. "उतरलेलं पुन्हा चढतं, डॉक्टरांनी सांगितलंय." जीप येईपर्यंत त्यांनी दुसरी कुपी हातात तयार धरून ठेवली होती. ती लागली नाही.

जीपमध्ये मला चढवताना शिवप्पामामा चाकापाशी उभे होते, डोक्यावरचं मुंडासं हातात घेऊन. "शिवाच्यान सांगतो बाई, शेंगा म्या घातल्याच न्हाईत," ते रडत म्हणाले. "जरा कूट घातलं, त्येवढंच. कुटाबिगर आमटी हुती व्हय?" त्या माणसाला मी कधीच दोष दिला नाही. आमच्याकडं कूट म्हणजे मीठ. मीठ घातलंय का असं कुणी विचारतं का, आणि शेंगांचं विचारलं तर कूट कुणी त्यांत धरतं का? इतकी वर्षं मी नेमका चुकीचा प्रश्न विचारत आले होते, आणि तो कसा विचारायचा ते मला कुणी शिकवू शकलं नव्हतं, कारण कुणाला सांगायचंच नव्हतं.

एक दिवस मोहोळच्या दवाखान्यात काढून अंबूबाईंनी मला घरी आणलं. आईच्या पुढ्यात त्यांनी सगळं सांगितलं, आवाज न चढवता, जीप आणि सुई आणि निळी नखं. आत्या पुटपुटली, "उनानं झालं असंल." बाईंनी पिशवीतून वही काढली, माझ्या नावाचं पान उघडलं आणि आईपुढं ठेवलं. आईनं आपल्या सहीवर बोट ठेवलं. मग एकदम तोंडाला पदर लावून म्हणाली, "म्याच मारत हुते की पोरीला. म्याच." बाई तिच्या शेजारी फरशीवर बसल्या. आईनं त्यांच्याकडून पेन मागितलं, 'काही नाही' वर आडवी रेघ मारली आणि खाली, ओठ हलवत, हळूहळू लिहिलं, 'शेगा चालत नाहीत'. त्यातला 'शें'वरचा अनुस्वार राहिला होता, तो बाईंनी दिला नाही.

आत्या उठून आत गेली होती. मी मागं गेले तर ती आमच्या पितळी पातेलीपुढं बसली होती आणि डाव्या मनगटावरचा पदर बाजूला होता. तिथं चिंचोक्याएवढा पांढरा डाग होता. मी तो पहिल्यांदा बघितला. "एवढ्यासाटी परत धाडलं मला," ती म्हणाली. "आदी सांगितलं न्हाय म्हनून फसिवलं म्हनले. तवा वाटलं, दिसलंच नसतं तर बरं हुतं. तुजं दिसत न्हाय, म्हनून म्हनलं लपंल." मी तिच्या मनगटावर हात ठेवला, आणि तिनं तो ठेवू दिला.

दुसऱ्या दिवशी उखळ अंगणातून हललं. आत्यानं आणि वडिलांनी ते ढकलत ढकलत परसदारी, पार न्हाणीच्या पलीकडं नेलं. वडील म्हणाले, एवढा जड दगड शेंगांच्या धुळीपायी हलवणारं आमचं एकच घर असेल.

माझी नात आता परदेशात शिबिराला जाते, तिच्या आईला चार पानांचा फॉर्म भरावा लागतो आणि तिथल्या ताया पेनासारखी सुई कमरेला लावून हिंडतात. तिला माझंच सगळं आलंय. ती कुणाच्याही घरी गेली की चप्पल काढायच्या आधी सांगते. मला तिचा फार हेवा वाटतो.

शिबिरानंतर काही वर्षांनी मला बघायला पहिली मंडळी आली ती करकंबची. मुलगा, त्याची आई आणि मामा. मी आत साडीला टाचण्या लावत होते. रीत अशी की परत आलेल्या बाईनं अशा वेळी समोर यायचं नाही, आणि आत्या कधी आलीही नव्हती. आईनं पोह्यांच्या बशा ताटात मांडल्या, तेवढ्यात आत्यानं ते ताट तिच्या हातातून घेतलं आणि सरळ बाहेर गेली. मी दाराआडून बघितलं. दोन्ही हातांत ताट, त्यामुळं पदर सावरायला हात नव्हता, आणि डावं मनगट उजेडात उघडं होतं.

"पोह्यात शेंगा न्हाईत," आत्या म्हणाली. "कूटबी न्हाय. आमच्या सुमीला शेंगा चालत न्हाईत. घासभर खाल्ल्या तर जीव जातो, येकदा जाता जाता ऱ्हायलाय. ह्ये आदी ऐका, मग पोरगी बघा. नको असंल तर पोहे खाऊन जावा, राग न्हाय."

वडिलांनी घसा खाकरला. आई माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभी होती, डोळे मिटून. मुलाच्या आईनं बशी हातात घेतली, एक घास खाल्ला, आत्याच्या मनगटाकडं बघितलं, मग आत्याच्या तोंडाकडं, आणि दाराच्या दिशेनं मोठ्यानं विचारलं,

"आमटीत मग खोबरं चालतंय का गं पोरी?"

बघायला आलेल्यांपुढं मुलीनं विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. पण मला विचारलं होतं. मी दाराबाहेर आले आणि आत्याशेजारी उभी राहिले.

"चालतंय की," मी म्हटलं.